कार्पल टनेल शस्त्रक्रिया, नागपूर: काप छोटा, चौकशी मोठी

कार्पल टनेलचा त्रास म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाऊन बोटं बधिर होणं; शस्त्रक्रियेत बोगद्यावरचा जाड पडदा कापून ती नस मोकळी करतात. आधी निकाल सांगून टाकतो. निदान बरोबर असेल आणि वेळ टळलेली नसेल, तर उघड्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेला पाचपैकी साडेचार. दुर्बिणीच्या पद्धतीला चार, कारण जास्तीच्या पैशांत मिळतं ते फार तर आठवडाभर आधी कामावर जाणं. काही महिन्यांनी दोन्ही हात शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नाही.

नागपुरात हे काम अस्थिरोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि न्यूरोसर्जन असे तिघंही करतात. पाटीवरच्या पदवीपेक्षा महिन्याला अशा किती शस्त्रक्रिया होतात, हे विचारा. रामदासपेठ-धंतोलीत तारीख लवकर मिळते. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत खर्च कमी, पण रांगेची तयारी ठेवावी लागते. गंमत म्हणजे या शस्त्रक्रियेच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक, 1933 सालची, मेयो क्लिनिकमध्ये काम केलेल्या लर्मन्थ या सर्जनची आहे. ते मेयो अमेरिकेतलं. आपल्या सेंट्रल अव्हेन्यूवरच्या मेयोशी नावापलीकडे नातं नाही.

पैसे वाया जातात ते बहुतेक निदानात. मनगटातल्या त्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. ती नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्याकडे नाही. करंगळीच बधिर होत असेल, तर कोपर किंवा मान तपासून घ्या. रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं ही खरी खूण. सोबत साखर आणि थायरॉईड बघून घ्यावं. गरोदरपणातला त्रास बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरतो. तिथे कापाकापीची घाई नको.

एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी, करताना हात गरम हवा, त्वचेचं तापमान 32 अंशांच्या आसपास. डिसेंबरच्या सकाळी स्कूटरवर गार झालेला हात घेऊन एसी खोलीत टेबलावर ठेवला, तर धडधाकट नसही मंद दिसते. तंत्रज्ञाने हात शेकून घेतला नाही, तर तुम्ही आठवण करून द्या.

दुखणं हलकं असेल तर आधी सहा आठवडे रात्री मनगटाला आधाराचा पट्टा. तयार पट्ट्यांतली पत्र्याची पट्टी बरेचदा मनगट मागे वाकवून धरते; ती काढून सरळ करा आणि परत घाला. वाकलेल्या मनगटात बोगद्यातला दाब वाढतो, म्हणजे पट्टा लावून उलटाच परिणाम. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने आराम पडतो, पण वर्षभरात पुष्कळांचा त्रास परततो. मात्र बधिरपणा चोवीस तास राहू लागला, बटणं लागेनात, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झाला, तर पट्ट्यात वेळ घालवू नका. गेलेला स्नायू भरून येईलच असं कोणी सांगू शकत नाही.

प्रत्यक्ष काम दहा-वीस मिनिटांचं. सगळ्यात सुटसुटीत पद्धत म्हणजे जागेवरची भूल: लिग्नोकेन आणि ॲड्रेनॅलिन, साधारण 20 मिली, आणि मग 25-30 मिनिटं थांबणं. ॲड्रेनॅलिनने रक्त आटोक्यात राहतं, त्यामुळे दंडाला आवळपट्टा लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, आणि सर्जन टेबलावरच बोटं हलवायला सांगू शकतो. थांबण्याचा अर्धा तास वाचवायला गेलं की रक्त येतं आणि काम अडतं. तळव्यात अनामिकेच्या रेषेत दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, खालचा जाड पडदा पूर्ण कापायचा, कातडीला टाके. काप करंगळीच्या बाजूने ठेवतात, कारण अंगठ्याला जाणारी छोटी शाखा दुसऱ्या बाजूला असते.

'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. बोटांकडचं टोक न कापता राहिलं, तर सगळी मेहनत पाण्यात. ओळखायचं असं: रात्रीचा त्रास पहिल्या आठवड्यांत जराही कमी झाला नाही, तर पडदा अर्धवट कापला गेला किंवा निदानच चुकलं. काही महिने आराम पडून त्रास परत आला, तर व्रणाचं जाळं. आधी नव्हती अशी बधिरता किंवा कळ नव्याने आली, तर नसेला इजा. तेव्हा वाट न पाहता दाखवा.

घरी जाताना बोटं मोकळी हवीत आणि त्याच संध्याकाळपासून हलवायला हवीत. मनगटाला प्लास्टर किंवा पट्टा सहसा लागत नाही. टाके 10 ते 14 दिवसांनी. तोवर पाणी नको, आणि मे महिन्यात नागपुरात घामसुद्धा पाणीच. ऑपरेशन पुढे ढकलता येत असेल तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, टाळावा. रात्रीची कळ काही दिवसांत जाते, बधिरपणा आठवडे-महिने घेतो, पकड तीन महिन्यांच्या आसपास पूर्ववत होते. टेबलावरचं काम एक-दोन आठवड्यांत, ओझं आणि ग्राइंडरचं काम सहा आठवड्यांच्या सुमारास.

कापलेला अर्धा गुण तळव्याच्या बुडाशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या दुखण्याचा. पोळी लाटताना, जमिनीवर हात टेकून उठताना ते जाणवतं, तीन महिने तरी, कधी सहा. कापलेला पडदा पुन्हा जुळेपर्यंत ते राहणार. आधी सांगितलं नाही की माणूस 'ऑपरेशन फसलं' म्हणत दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

पॅकेजमध्ये टाके काढणं, ड्रेसिंग धरलंय का, हे लेखी घ्या. विमा असेल तर डे-केअर म्हणून आधी मंजुरी. चोवीस तास दाखल नसलेला दावा नाहीतर ओपीडी म्हणून अडकतो. ऑपरेशनच्या नोंदीत पडदा पूर्ण मोकळा केल्याचं लिहिलेलं असावं. आणि दोन्ही हात एकदम करायचं कोणी सुचवलं, तर संडासात तांब्या कोण धरणार, ते घरी आधी ठरवा.