बेळगावातील नव्या कराराचा ग्रीक वर्ग : 'अनोथेन' या शब्दाच्या निमित्ताने

बेळगावच्या कॅम्प भागात एका चर्चच्या सभागृहात शनिवारी सायंकाळी नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, ग्रीक भाषेचा वर्ग भरतो आणि तो मराठीतून चालतो. एरवी आपल्याकडे कोणाला ग्रीक शिकायचे असेल तर सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, जावे लागते आणि तेथे सगळे इंग्रजीतून असते, म्हणून या वर्गाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. भाषा म्हणून ग्रीक शिकवण्यात हा वर्ग मध्यम प्रतीचा आहे. परंतु शास्त्रातील एखाद्या शब्दाचा अर्थ कसा शोधावा हे तेथे ज्या निष्ठेने शिकवले जाते, तसे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

पद्धत अशी आहे की एक शब्द घ्यायचा, नव्या करारात तो जेथे जेथे आला आहे ती सर्व वचने फळ्यावर मांडायची, आणि ती वाचून होईपर्यंत कोशाला हात लावायचा नाही. उदाहरण म्हणून 'अनोथेन' या शब्दाची बैठक सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याला सांगतो की 'नव्याने' जन्मल्याशिवाय देवाचे राज्य पाहता येत नाही. टेबलावर कन्नड बायबलही होते. त्यातही 'होसदागि', म्हणजे नव्यानेच, असे आहे. मात्र त्याच अध्यायातील ३१व्या वचनात, जेथे मराठीत 'वरून येणारा' असे आपण वाचतो, तेथे ग्रीकमध्ये शब्द तोच आहे, 'अनोथेन'. हे समजल्यावर वर्गातील बहुतेकांनी आपापले बायबल पुन्हा उघडले.

हा शब्द नव्या करारात १३ वेळा येतो, त्यांपैकी ५ वेळा योहानाच्या शुभवर्तमानात. मत्तय आणि मार्क यांच्यात मंदिराचा पडदा 'वरपासून' खालपर्यंत फाटतो. याकोबाच्या पत्रात तीनही ठिकाणी वरून येणाऱ्या दानाविषयी व ज्ञानाविषयी बोलताना तो वापरला आहे. लूकच्या प्रस्तावनेत आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या २६व्या अध्यायात मात्र त्याचा अर्थ 'पहिल्यापासून' असा होतो, आणि गलतीकरांस पत्रात तो 'पालिन', म्हणजे पुन्हा, या शब्दाला जोडून येतो. म्हणजे 'नव्याने' हा अर्थ भाषांतरकारांनी पदरचा घातलेला नाही. परंतु योहानाने उरलेल्या तीन ठिकाणी हा शब्द 'वरून' याच अर्थाने योजला आहे, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

शिकवणाऱ्या सरांनी येथे एक फार उपयुक्त गोष्ट दाखवली. 'थेन' हा प्रत्यय आपल्या 'ऊन' या प्रत्ययासारखा काम करतो: 'पोथेन' म्हणजे कुठून, 'अनोथेन' म्हणजे वरून. निकदेम उत्तर देताना 'अनोथेन' म्हणतच नाही; तो 'देउतेरोन', म्हणजे दुसऱ्यांदा, असे म्हणतो आणि आईच्या उदरात पुन्हा शिरण्याची गोष्ट काढतो. त्यावर येशू वाऱ्याविषयी बोलतो आणि तो 'पोथेन' येतो, म्हणजे कुठून येतो, हे तुला कळत नाही असे सांगतो. प्रश्न कितव्यांदा याचा नसून कुठून याचा आहे, हे मूळ भाषेत कानालाच जाणवते. तरीही सरांनी एक अर्थ खरा आणि दुसरा खोटा असा निकाल दिला नाही. ख्रिसोस्तोम या ग्रीक धर्मोपदेशकाने चौथ्या शतकाच्या अखेरीस दोन्ही अर्थांची नोंद केली आहे आणि लॅटिन भाषांतरात 'पुन्हा' हाच अर्थ घेतला आहे, हे सांगून त्यांनी विचार आमच्यावर सोपवला.

त्या बैठकीचा सर्वांत मोलाचा भाग योहान १९:२३ या वचनाचा होता. येशूचा अंगरखा बिनशिवणीचा, 'अनोथेन' सबंध विणलेला होता, असे तेथे म्हटले आहे. वडगावचे एक मागवाले काका वर्गाला येतात, त्यांनी विचारले, "सर, आमच्या मागावर कापड पुढनं गुंडाळत जातंय, मग हे वरनं विणणं कसलं ओ?" सरांनी फळ्यावर प्राचीन उभा माग काढला: वर आडवी तुळई, तिला टांगलेले उभे धागे, आणि ते ताणले जावेत म्हणून खाली बांधलेली मातीची वजने. अशा मागावर विणकाम वरूनच सुरू होते, म्हणजे कापडाची वरची कड हाच त्याचा आरंभ असतो. 'वरून' आणि 'पहिल्यापासून' हे अर्थ एका शब्दात कसे नांदू शकतात, हे त्या चित्राने समजले. हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, असे सरांनी लगेच बजावले, हेही नमूद केले पाहिजे.

आता उणिवा. टिपणांच्या झेरॉक्स प्रतींत ग्रीक अक्षरांवरची स्वरचिन्हे पुसट होतात, आणि नवशिक्याला त्यावाचून शब्दाचा नेमका उच्चार करणे अवघड जाते. क्रियापदांची रूपे फार घाईने उरकली जातात. काही विद्यार्थी मोबाइलवर स्ट्राँगचे क्रमांक, म्हणजे स्ट्राँगच्या सूचीत बायबलच्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेले क्रमांक, पाहतात, 'अनोथेन'चा क्रमांक ५०९ आहे, आणि खाली दिलेल्या अर्थांतून आवडेल तो उचलतात. या सवयीला वर्गात पुरेसा अटकाव होत नाही. माझी मोठी तक्रार वेगळी आहे. मराठी भाषांतरांचा इतिहास या वर्गात जवळजवळ येतच नाही. बंगालमधील सेरामपूरला १८११ साली मोडी लिपीत छापलेला नवा करार आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले बायबल यांतील तीच वचने शेजारी ठेवली, तर आपल्या भाषेत हे शब्द कसे रुळले ते दिसेल.

प्रवचन करणारे, संडे स्कूल घेणारे आणि मराठी-कन्नड दोन्ही वाचणारे यांनी हा वर्ग अवश्य करावा. ख्रिस्ती नसलेल्या पण भाषेची गोडी असलेल्यांचेही तेथे मनापासून स्वागत होते. परीक्षेसाठी व्याकरण हवे असणाऱ्यांनी मात्र स्वतंत्र सोय पाहावी. शुल्क नाममात्र आहे. निपाणी-चिक्कोडीकडून येणाऱ्यांना सुटण्याची वेळ अडचणीची ठरते, तेव्हा परतीच्या एसटीची चौकशी आधी करावी. येताना मराठी आणि कन्नड अशी दोन्ही बायबले बरोबर आणावीत, कारण सभागृहातील प्रती सर्वांना पुरत नाहीत.