टूलिंगचं पोर्टल आठ महिने वापरलं, भोसरीतल्या एका मोल्डिंगवाल्याचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, दहा मशीन, गाडीच्या आतल्या क्लिपा, ब्रॅकेट, एसी व्हेंटचे तुकडे असलं काम. शेडमध्ये ६३ मोल्ड (साचे) आहेत आणि त्यातले ५१ आमचे नाहीतच, कस्टमरचे आहेत. म्हणजे पैसा त्यांचा, लोखंड आमच्या रॅकवर, आणि गंज चढला की जबाबदार कोण ह्यावर दर ऑडिटला भांडण. गेल्या वर्षी एका कस्टमरने सांगितलं की आता एक्सेल बंद, टूलिंगचं (टूल म्हणजे हेच मोल्ड) सगळं त्यांच्या पोर्टलवर, कोटेशनपासून ते स्क्रॅप करेपर्यंत. नाव लिहीत नाही, धंदा करायचाय अजून.

पहिला दीड महिना नुसती हमाली. प्रत्येक मोल्डवर क्यूआरची पट्टी मारा, चारी बाजूंनी फोटो, नेमप्लेटचा वेगळा फोटो, वजन, साइज, कॅव्हिटी (एका वेळी पार्ट निघायचे खड्डे) किती, स्टील कुठलं, आणि फोटो शेडमध्येच उभं राहून काढायचा कारण लोकेशन घेतं ते. मोल्ड क्रेनने खाली घेतल्याशिवाय मागची बाजू दिसत नाही, त्यामुळे दोन पोरं आणि ईओटी क्रेन रोज दोन तास ह्यातच. पण ह्या गडबडीत एक मोल्ड असा सापडला की जो आमच्या रजिस्टरला नाही आणि कस्टमरच्या यादीतही नाही. बहुतेक २०१६-१७ च्या आसपास कुणीतरी ट्रायलला आणून टाकलेला. दोन्ही अकाउंटवाले एकमेकांना मेल करत बसलेत अजून.

आता मुद्द्याचं, पैशाचं. आमच्याकडे टूलचे पैसे दोन तऱ्हेने मिळतात. एक तर सरळ टूलिंगची पीओ (खरेदीची ऑर्डर), ४० टक्के ॲडव्हान्स, ३० टी-वन म्हणजे पहिल्या ट्रायलला, ३० पीपीएपी (पार्ट उत्पादनाला घ्यायची कस्टमरची मंजुरी) अप्रूव्ह झाल्यावर. दुसरं म्हणजे अमॉर्टायझेशन, टूलचा खर्च आधी आपण करायचा आणि पार्टच्या रेटमध्ये घालून थोडा थोडा वसूल करायचा. एक उदाहरण देतो. २४ लाखांचा मोल्ड, कस्टमरचा अंदाज २ लाख पीस, म्हणजे पीसमागे १२ रुपये. गाडी चालली नाही, ७० हजार पीसवर मॉडेल थंड पडलं. वसूल झाले ८ लाख ४० हजार, उरलेले १५ लाख ६० हजार कुठे गेले तर आमच्या टर्म लोनच्या हप्त्यात. पूर्वी हे सिद्ध करायला जुन्या इनव्हॉइसच्या फायली उपसाव्या लागायच्या, आता पोर्टलवर एका स्क्रीनवर दिसतं, किती वसूल झालं आणि किती राहिलं. दिसतं एवढंच बरं का. राहिलेलं मागायचं बटण कुठेच नाहीये! क्लेम मेलवरच टाकावा लागतो आणि तो परचेसवाल्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन झोपतो.

उलटं झालं तर मात्र सिस्टीम एकदम जागी असते. एका पार्टचे ठरलेले पीस पूर्ण झाले, म्हणजे टूलचा खर्च वसूल झाला, आणि दुसऱ्याच दिवशी रेट ९ रुपयांनी कमी करायचा अलर्ट. खरं सांगायचं तर पूर्वी हे सहा-सहा महिने कुणाच्या लक्षात यायचं नाही आणि आपणही गप्प बसायचो. त्यामुळे फार बोंब मारता येत नाही मला.

टूलिंगच्या पीओतले शेवटचे ३० टक्के हा वेगळाच विषय. आम्ही एमएसएमईमध्ये स्मॉलमध्ये (लघु उद्योगात) येतो. आयकराचं ४३बी(एच) कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, मुदतीत (करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस) पैसे नाही दिले तर कस्टमरला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो, त्यामुळे पार्टचे पैसे बऱ्यापैकी वेळेवर यायला लागले. टूलिंगचं मात्र तसं नाही. दिवस मोजायचे माल पोचल्यापासून, आणि मोल्ड तर आमच्याच शेडमध्ये राहणार, तो पोचणार कुठे? पोर्टलवर तारीख पडते पीपीएपीची, आणि पीपीएपी अडकतं कलर मॅचिंगवर नाहीतर टेक्स्चरवर. ह्या आठ महिन्यांत अशा चार टूलचे पैसे तसेच अडकलेत, पार्ट मात्र 'तात्पुरत्या मंजुरीवर' रोज लाइनला चाललेत.

जीएसटीच्या बाबतीत फायदा झाला हे मान्य. कस्टमरच्या मालकीचा मोल्ड फुकट वापरायला आला तर तो सप्लाय धरत नाहीत, हे जून २०१८ च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे, पण टूल स्वतःचं लावून पार्ट द्यायचा असा करार असेल आणि तरी कस्टमरने टूल दिलं, तर त्याचा अमॉर्टाइज्ड खर्च पार्टच्या किमतीत धरावा लागतो. आमच्या दोन पीओंमध्ये नेमकी हीच भाषा गोलमाल होती. पोर्टलमध्ये मालकीचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही म्हणून ते पकडलं गेलं, नाहीतर ऑडिटलाच कळलं असतं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ईसीएनची (डिझाइन बदलाच्या लेखी सूचनेची) हिस्टरी. डिझाइन बदललं, मोल्डमध्ये वेल्डिंग करून कोअर (मोल्डचा पार्टला आतून आकार देणारा भाग) परत मशिन करा, स्पार्क मारा (ईडीएम, ठिणगीने लोखंड कोरणं), पॉलिश करा, आणि हे सगळं फोनवर 'साहेब करून टाका, बघू नंतर' असं चालायचं. ते नंतर कधी यायचंच नाही. आता ईसीएन नंबर पोर्टलवर नसेल तर मी मोल्ड टूलरूमला पाठवत नाही, पोरांना स्पष्ट सांगून ठेवलंय. डेव्हलपमेंटचे साहेब चिडतात, पण ह्या आठ महिन्यांत मॉडिफिकेशनचे पैसे पहिल्यांदा नीट मिळाले.

चीड आणणारी गोष्ट म्हणजे टूल लाइफ. सगळ्या मोल्डला सरसकट ५ लाख शॉट (मोल्ड एकदा मिटून उघडला की एक शॉट). पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन, साधं प्लास्टिक) कव्हरला ठीक आहे, पण ३० टक्के ग्लास (काचेचे तंतू) भरलेलं नायलॉन चालतं तिथे ग्लास कानशीसारखी घासते, गेट (प्लास्टिक आत शिरायचं तोंड) आणि कोअर पिना खूप आधी जातात, फ्लॅश (पार्टच्या कडेला जास्तीचं प्लास्टिक) यायला लागतो. सिस्टीम म्हणते लाइफ शिल्लक आहे, रिपेअर सप्लायरच्या, म्हणजे आमच्या, खर्चाने. पिना बदलायचं बिल दोनदा रिजेक्ट झालं, तिसऱ्यांदा पिना कापडात गुंडाळून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या तेव्हा अर्धे मंजूर झाले.

आणि कोटेशनचा फॉर्म! स्टीलचं वजन, सीएनसीचे तास, ईडीएम, वायरकट (तारेने लोखंड कापणं), हॉट रनर (मोल्डमध्ये प्लास्टिक वितळलेलं ठेवणारी गरम नळी), ट्रायल, सगळ्याचे वेगळे रेट टाका. मग बायर प्रत्येक ओळीत ज्याचा रेट सगळ्यात कमी तो उचलतो आणि म्हणतो ह्या किमतीत द्या. अहो, ज्याचा ईडीएम स्वस्त त्याचं स्टील महाग असतं, सगळ्यांचं स्वस्त एकाच दुकानात कुठे मिळतं.

बंद पडलेल्या मॉडेलचे अकरा मोल्ड स्पेअरसाठी ठेवलेत, वर्षाला दोनशे-तीनशे पीस निघतात. त्यांना तेल मारणं, जागा, दर तिमाहीला फोटो, सगळं आमच्या अंगावर. स्टोरेजच्या खर्चाचा रकाना फॉर्ममध्ये नाहीच.

पाचपैकी तीन स्टार देईन. तुमच्याकडे हे यायचं असेल तर आधी सगळ्या मोल्डवर मेकॅनिकल शॉट काउंटर बसवून घ्या, प्लेटमध्ये खाच मारून बसतो, मोल्ड मिटला की आकडा पुढे जातो. आम्ही नंतर बसवले, त्यामुळे आधीचे शॉट कस्टमरने डिस्पॅचवरून धरले आणि रिजेक्शन, सेटिंगचे, ट्रायलचे शॉट हिशोबात आलेच नाहीत. मशीनच्या काउंटरवर जाऊ नका, मोल्ड ह्या मशीनवरून त्या मशीनवर फिरतो आणि ऑपरेटर शिफ्ट सुरू करताना शून्य करतो.