कॅपच्या कट-ऑफ याद्या की पैशांचं पॅकेज? परीक्षेला घाबरणाऱ्या मध्यम मुलांसाठी परीक्षण

घरी विचारलं तर सगळं येतं, पण पेपर हातात पडला की हात गार पडतात आणि टक्के पंचावन्न-साठच्या पुढे सरकत नाहीत. अशी मुलं असलेल्या घरांना बारावीच्या वर्षात दोन सेवांचा आधार वाटतो. एक राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया, म्हणजे कॅप, आणि तिच्या संकेतस्थळावर पडलेल्या कट-ऑफच्या, म्हणजे कुठली जागा किती गुणांवर बंद झाली त्याच्या, याद्या. दुसरी म्हणजे ‘ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांच्या पसंतीचा अर्ज) आम्ही भरू, कॉलेज मिळेपर्यंत सोबत राहू’ म्हणणारी खासगी पॅकेजं. हे परीक्षण इंजिनीअरिंगच्या प्रवेशापुरतं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: या मुलांना कॅपच्या फुकट याद्या पॅकेजपेक्षा जास्त उपयोगी पडतात. अट एकच, त्या निकालानंतर न उघडता बारावी सुरू होतानाच उघडायला हव्यात.

कारण साधं आहे. ‘सीईटी बिघडली तर पुढे काय’ या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नसतं, आणि हीच गोष्ट मुलाला परीक्षेच्या खोलीत गारठवते. म्हणून नियोजन खालून वर करायचं. सीईटी न लागणारे रस्ते आधी लिहून काढायचे, मग सीईटीवरचे. बारावी सायन्स झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथली दोन वर्षं संपली की डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी न देता. बारावीनंतर चारऐवजी पाच वर्षं लागतात, पण वर्कशॉप आणि प्रॅक्टिकलचा हात बसलेला असतो. डी. फार्मसी बारावीच्या गुणांवर होते. बहुतेक कॉलेजांत बी. एस्सी.लाही सीईटी नाही. बीसीए-बीबीएला मात्र २०२४ पासून वेगळी सीईटी आहे. ‘तिथे तर नुसत्या मार्कांवर मिळतं’ या जुन्या माहितीवर राहू नका.

आता बोर्डाचं गणित. इंजिनीअरिंगची पात्रता म्हणजे बारावीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात ४५ टक्के, आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. तीनशेपैकी १३५ गुण. फिजिक्स-केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं ३०-३० आणि गणिताचे अंतर्गत २०, म्हणजे ८० गुण लेखी पेपरच्या बाहेर आहेत. जर्नल वेळेवर पुरं केलं आणि तोंडीची तयारी केली तर यातले साठ-पासष्ट अवघड नाहीत. उरलेले सत्तर-पंच्याहत्तर २२० गुणांच्या लेखीतून काढायचे. हा हिशोब एकदा मुलाला स्वतःच्या हातानं वहीत मांडू द्या. ‘बोर्डात नापास झालो तर’ ही धास्ती त्या पानावर बरीच उतरते, कारण गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते आणि बोर्डाचे गुण प्रामुख्यानं पात्रतेपुरते लागतात.

सीईटीचा आराखडा घाबरणाऱ्या मुलांना काही बाबतीत सोयीचा आहे, काही बाबतीत निर्दय. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे कोरा सोडलेला प्रश्न हे निव्वळ नुकसान, आणि घाबरलेली मुलं नेमके कोरेच सोडतात. निर्दय भाग वेळेचा. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०, म्हणजे १०८ सेकंद, पण गुण दोन-दोन. फिजिक्सच्या पहिल्याच आकडेमोडीत चार मिनिटं गेली की छाती धडधडायला लागते आणि पुढची वीस मिनिटं वाया जातात. उपाय म्हणजे सुरुवात केमिस्ट्रीच्या थिअरीनं करायची. वाचताक्षणी उत्तर येतं ते टिपायचं, बाकीच्यांवर खूण करून पुढे जायचं आणि पस्तीस-चाळीस मिनिटांत फिजिक्सकडे वळायचं. शेवटची तीन मिनिटं राहिलेल्या सगळ्या प्रश्नांवर काहीतरी क्लिक करायला राखून ठेवायची. हा क्रम सराव चाचण्यांत दहा-बारा वेळा अंगवळणी पडला तरच परीक्षेच्या दिवशी आठवतो. सराव सकाळी नऊ ते बारा किंवा दुपारी दोन ते पाच, खऱ्या परीक्षेच्या वेळेत, आणि शक्यतो घराबाहेर, अनोळखी संगणकावर. रोज एक पूर्ण पेपर नको. आठवड्याला एक, आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्यातल्या चुका.

कॅपची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मागल्या वर्षीच्या कट-ऑफची फाइल, आणि तिला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. मांडणी मात्र इतकी किचकट की पालक पहिल्याच पानावर ती मिटतात. वाचायची रीत अशी: प्रत्येक शाखेखाली जीओपनएस, एलओपनएस, जीओबीसीएस असे रकाने असतात. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं ‘एस’ म्हणजे राज्यस्तर, ‘एच’ म्हणजे आपल्या विद्यापीठाचे विद्यार्थी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे. रकान्यातला वरचा मोठा आकडा गुणवत्ता क्रमांक, आणि खाली कंसातला पर्सेंटाइल. आपला रकाना सोडून शेजारचा वाचला की सगळा अंदाजच चुकतो, आणि ही चूक फार होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत तो आकडा, हेही मुलाला निकालाआधीच समजावून सांगा.

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. मध्यम मुलाला तीस-चाळीस पुरतात. समजा ८० पर्सेंटाइल आहे. मग मागल्या वर्षी ८० ते ९० वर बंद झालेले दहा-बारा, ७५ ते ८० चे पंधरा आणि त्याखालचे दहा. यादी लावायची ती आवडीच्या क्रमानं, ‘मिळेल का’ या क्रमानं नाही. वर अवघड पर्याय लिहिल्यानं खालचा हातचा जात नाही, कारण वाटप गुणवत्तेनं होतं.

इथेच भीती घात करते. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी एक, किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एक मिळाला, तर ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. ‘निदान हे तरी हातात राहू दे’ म्हणून सहज मिळणारं कॉलेज एक नंबरला टाकलं की पहिल्याच फेरीत तिथे अडकायला होतं, मागाहून कितीही चांगल्या जागा रिकाम्या झाल्या तरी. पहिले सहा पर्याय असेच भरा, की मिळाले तर आनंदानं जाल. दरवर्षी माहितीपुस्तिका नव्यानं वाचा, हे नियम बदलत राहतात. शुल्कमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा असतो. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तो वेगळा भरावा लागतो, आणि अनेक जण तो भरायचाच विसरतात.

कॅपचं उणं म्हणजे ती कुणासाठी थांबत नाही. राखीव प्रवर्गांना लागणारा नॉन-क्रीमी लेअर (उत्पन्नमर्यादेत असल्याचा) दाखला प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा, जात वैधतेला महिने लागू शकतात, ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या नमुन्यातच हवा. यातलं एक मुदतीत आलं नाही की मूल खुल्या प्रवर्गात मोजलं जातं आणि मेहनतीनं आखलेली यादी कोसळते. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करून टाका.

पॅकेजकडे वळू. त्यात बहुधा अभियोग्यता चाचणी, एक-दोन बैठका, तयार यादी आणि व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. पैसे द्यायचे तर बैठकांचे द्या, म्हणजे मुलाशी एकट्यानं तासभर बोलणारा, त्याचा रकाना समोर ठेवून यादी तपासणारा माणूस मिळत असेल तर. तयार यादी अनेकदा सगळ्यांना एकच दिलेली असते. ग्रुपवर रात्री अकराला ‘अमुक कॉलेज ९२ ला क्लोज होणार’ असे निरोप येतात, आणि घाबरणाऱ्या मुलाची झोप तिथेच उडते. तो ग्रुप पालकांच्या फोनवर असू द्या, मुलाच्या नको. पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: लॉगिन आणि ओटीपी कुणाकडे राहणार, आणि सुचवलेल्या कॉलेजांकडून तुम्हाला काही मिळतं का. पासवर्ड मागणाऱ्याकडून त्याच क्षणी उठून यावं. फॉर्म दुसऱ्यानं कन्फर्म केला तरी नाव तुमचंच लागतं.

पॅकेजच्या जाहिरातीत ‘एक्झाम फिअर रिमूव्हल’ असतं, तिथे मात्र सावध राहा. पेपरआधीची धडधड सरावानं आणि सावकाश श्वासानं आवरते. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण सुटलं असेल, मूल ‘मी नसलेलोच बरा’ असं काही बोलत असेल, तर हा विषय प्रवेश मार्गदर्शकाचा उरत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बोर्डही परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. दोन्ही नंबर मुलाच्या फोनमध्ये प्रॅक्टिकल सुरू होण्याआधीच साठवून ठेवा, आणि ते तिथे आहेत हे त्याला सांगा.