एसएमपीएस क्लिपने तपासावा की बदलून पाहावा?

जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि बटण दाबल्यावर पंखाही हलत नाही, तर आधी ते कार्ड काढून पाहा. तरीही यंत्र मेलेलंच असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर जातो, आणि तो तपासायच्या दोन वाटा उरतात.

कागदांना लावायच्या धातूच्या क्लिपची चाचणी फुकटात होते. मेन स्विच बंद करून २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डातून काढा, हिरवी तार काळ्या तारेशी क्लिपने जोडा, मग वीज द्या. पंखा फिरलाच नाही तर एसएमपीएस बहुधा गेला. फिरला म्हणून मात्र तो ठणठणीत आहे असं समजू नका. इथे भार जवळपास शून्य असतो आणि थकलेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भार पडल्यावरच मान टाकतात. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि जांभळ्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. जांभळी तार बटण न दाबताही जिवंत असते.

चालता, पुरेशा वॅटचा दुसरा एसएमपीएस जोडला तर खऱ्या भाराखालचा निकाल मिळतो. सीपीयूचा (प्रोसेसरचा) वेगळा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर जोडायला विसरू नका. बरेच जण विसरतात. पंखा क्षणभर हलून थांबला तर बोर्डावर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी.

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यातल्या ऑफिसमध्ये सुताचे तंतू पंख्यात अडकतात, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा जागी जुन्या एसएमपीएसवर वेळ घालवण्यापेक्षा थेट बदलून पाहणं बरं. जुना उघडू नका. प्लग काढल्यावरही आत घातक व्होल्टेज राहतं.