जुन्या पोलादी तुळईला बळकटी: पोलादी पट्टी की कार्बन तंतूंची?

पोलादी पट्टी बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडण्याचा परिचित मार्ग आजही कमी लेखण्यासारखा नाही. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, सुमारे २०० गिगापास्कल असतो, तर सामान्य कार्बन पट्टीचा (राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंच्या पट्टीचा) सुमारे १६५. त्यामुळे केवळ ताठरपणा वाढवायचा असेल, तर कार्बन पट्टी फारशी उपयोगी ठरत नाही.

थकव्याने, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने, तडे गेलेल्या तुळईसाठी मात्र कार्बन पट्टीच मला निःसंशय श्रेष्ठ वाटते. वेल्डिंगच्या उष्णतेने अवशिष्ट (पोलादात कायम उरणारे) ताण निर्माण होतात आणि बोल्टच्या छिद्रापासून नवा तडा सुरू होऊ शकतो. उलट इपॉक्सी या चिकट राळेने चिकटवलेली कार्बन पट्टी, जिचे घनत्व पोलादाच्या साधारण पाचव्या भागाइतके असते, हे दोन्ही धोके टाळून तड्याचे तोंड उघडण्यास अटकाव करते.

तिची खरी कसोटी चिकट थरात लागते. पट्टीच्या टोकांशी ताण एकवटतात आणि पोलादाचा पृष्ठभाग नीट स्वच्छ व खरबरीत केलेला नसल्यास ती तिथूनच सुटू लागते. कार्बनचा पोलादाशी थेट स्पर्श झाल्यास ओलाव्यात पोलाद गंजते, म्हणून मध्ये काचतंतूंचा थर घालतात. सामान्य तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. त्यामुळे सतत उष्णता असलेल्या जागी मी पोलादी पट्टीच निवडेन.