केबल, डिश की फ्री डिश? सीमाभागातल्या घराचा हिशेब आणि सरकारी दरपत्रकाची मर्यादा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझ्या मामेभावाचं नवं घर झालं. वास्तुशांत झाली, पाहुणे पांगले आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: "केबल घेऊ की डिश बसवू? एकदाचं सांगून टाक." मामीला संध्याकाळी झी मराठी आणि स्टार प्रवाह लागतं. पोरं दोन्ही कन्नड शाळेत, त्यांना कन्नड वाहिन्या हव्यात. भाऊ स्वतः बातम्या बघता बघता झोपतो. पुढे तोच म्हणाला, "सगळे दर सरकारच्या साइटवर असतात म्हणे. तेच बघतो की."

दर असतात, खोटं नाही. पण नुसते तेवढे बघून ठरवलं तर अर्ध्याच बिलावर ठरवल्यासारखं होईल. मी शहापूरला राहतो, बेळगावात. आमच्या घरात केबल, डिश आणि सरकारची फुकटची फ्री डिश असे तिन्ही प्रकार नांदून झालेत, त्यामुळे उरलेलं अर्धं बिल कुठे असतं ते ठेच खाऊन कळलंय.

सरकारकडे काय जमा होतं

केबल आणि प्रसारणाचं काम 2004 पासून ट्रायकडे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे आहे. मार्च 2017 मध्ये ट्रायने नवी दररचना काढली. कोर्टकचेऱ्या होऊन ती 2019 च्या सुरुवातीला घरोघरी पोचली. पैसे घेणाऱ्या प्रत्येक वाहिनीने महिन्याची एमआरपी ठरवायची, ट्रायला कळवायची, स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची. साबणाच्या वडीवर छापतात तशी. केबल असो वा डिश, किंमत एकच. वाहिन्या पोचवणारी कंपनी, मग ती डिशवाली असो की केबलची मोठी कंपनी, जिला एमएसओ म्हणतात, तिनेही आपले पॅक, सुट्या वाहिन्यांचे दर आणि नेटवर्क कपॅसिटी फी जाहीर करायची. ही फी म्हणजे तार किंवा सिग्नल घरात आणण्याचं भाडं. त्यावर 18 टक्के जीएसटी.

सेट-टॉप बॉक्स येण्याआधी यातलं काहीच मोजता येत नव्हतं. केबलवाला वरच्या कंपनीला सांगायचा, माझ्याकडे अमुक घरं. खरी किती, ते त्याला आणि त्याच्या वहीला ठाऊक. बॉक्समुळे प्रत्येक घराला नंबर मिळाला आणि आकड्यांना थोडा अर्थ आला.

2019 चं बिल उदाहरणाला घेतो, कारण तेव्हा फीला नियमाने कमाल मर्यादा होती आणि वाहिन्यांच्या किमती जाहीर होत्या. पहिल्या 100 वाहिन्यांना फी जास्तीत जास्त 130 रुपये. मराठीत झी मराठी 19, कलर्स मराठी 10, स्टार प्रवाह 9, मिळून 38. कन्नडमध्ये झी कन्नड 19 आणि कलर्स कन्नड 19, मिळून पुन्हा 38. तीन मराठी वाहिन्या जेवढ्याला, तेवढ्याला दोन कन्नड. नुसतं मराठी घर असेल तर 130 अधिक 38, त्यावर कर, म्हणजे 198 रुपये 24 पैसे. आमच्यासारखं दोन भाषांचं घर असेल तर 243 रुपये 8 पैसे. दुसऱ्या भाषेची महिन्याची किंमत झाली 44 रुपये 84 पैसे. पुण्यातल्या घराला हा प्रश्न पडत नाही, धारवाडच्या घरालाही नाही. आपल्याला पडतो.

आता मुख्य मेख. जुलै 2024 मध्ये ट्रायने त्या फीवरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्याआधी 2020 पासून 200 वाहिन्यांपर्यंत 130 आणि त्यापुढे कितीही वाहिन्या घेतल्या तरी 160 अशी मर्यादा होती. आता कंपनीने फी ठरवायची आणि जाहीर करायची, एवढंच. जोडणी आणि ती चालू करण्याच्या खर्चाचंही तसंच. आधी त्यावर 350 आणि 100 रुपयांचं बंधन होतं. त्यामुळे सरकारी आकड्यांतून तुम्हाला वाहिनीची किंमत चोख कळते. तार घरात यायला खानापूरच्या तुमच्या गल्लीत काय पडेल, ते गल्लीतच विचारावं लागतं.

अमेरिकेत दुसरी रीत आहे. तिथल्या 1992 च्या केबल कायद्याने संघीय दूरसंचार आयोगावर सरासरी केबलदराचा अहवाल काढायचं काम टाकलं. त्यासाठी आयोग बरीच वर्षं निवडक केबल कंपन्यांना प्रश्नावली पाठवून ग्राहकाकडून प्रत्यक्ष किती घेता ते विचारायचा. 2014 च्या एका कायद्याने त्यात केबल कंपन्या प्रसारण वाहिन्यांना किती फी मोजतात हेही विचारायला लावलं. आपल्याकडे गोळा होतो तो जाहीर दर, तिथे गोळा व्हायचा तो आकारलेला दर. ठरवायला बसलेल्या माणसाला दुसरा जास्त कामाचा, असं माझं मत. पण आपल्याला पहिल्यावरच भागवायचंय.

केबल

आमच्या केबलचं एक पिवळं कार्ड टीव्हीमागच्या खिळ्याला लटकलेलं असायचं. बारा चौकोन, दर महिन्याला पोरगा यायचा, पैसे घ्यायचा आणि चौकोनात सही ओढायचा. त्या कार्डावर ना फी, ना वाहिन्या, ना कर. गोल आकडा. एकदा मी क्रीडा वाहिन्यांचा पॅक बंद करायला सांगितला. वाहिन्या गेल्या, आकडा तीन महिने तोच राहिला. विचारल्यावर पोरगा म्हणाला, "ते वरनं कमी होऊन आलं नाही बघा." वरनं म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. कायद्याने पैशाची वाटणी अशी: एमएसओ आणि गल्लीतला केबलवाला यांच्यात वेगळा करार नसेल तर फी 55 आणि 45 टक्क्यांत वाटायची, 45 केबलवाल्याचे. ट्रायकडे माहिती जाते ती एमएसओकडून. कार्डावरचा गोल आकडा त्या कागदांत उतरत नाही. केबलवाल्यांची नोंदणीसुद्धा वर्षानुवर्षं हेड पोस्टात व्हायची. जानेवारी 2025 पासून ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन गेली, मुदत पाच वर्षं. नोंद झाली ती माणसाची, त्याच्या दराची नव्हे.

केबलचं दुसरं दुखणं खास आपल्या भागाचं. आपल्या केबलचं जाळं कर्नाटकाचं, त्यामुळे तयार पॅक कन्नडप्रधान. मोठ्या मराठी वाहिन्या सुट्या मिळतात, छोट्या मराठी वाहिन्या अधूनमधून गायब होतात. यामागे हिशेब आहे. एखादी वाहिनी आपणहून जाळ्यावर यायला मागत असेल तर केबल कंपनीला तिच्याकडून वहनशुल्क, म्हणजे जाळ्यावर दाखवायचं भाडं, घेता येतं. 2017 च्या नियमात त्याची मर्यादा महिन्याला दर ग्राहकामागे 20 पैसे होती, आणि ते नुसत्या बघणाऱ्यांवर नाही, त्या बाजारपेठेतल्या सगळ्या चालू ग्राहकांवर. वीस टक्के किंवा जास्त घरांनी ती वाहिनी घेतली तर शुल्क शून्य. आता कर्नाटकभरच्या जाळ्यात मराठी वाहिनी वीस टक्के घरं कुठून आणणार? म्हणजे तिलाच पैसे मोजायची पाळी. मामीला हे समजावणं अवघड. तिच्या लेखी केबलवाल्याने मुद्दाम काढली.

तरीही केबलच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्या दरपत्रकात नाही. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, तालुक्यातल्या निवडणुकीची मतमोजणी, हे सगळं लोकल चॅनेलवर दिसतं. डिशवर नाही. माझ्या वडिलांनी निव्वळ विसर्जनासाठी केबल ठेवली होती म्हटलं तरी चालेल.

डिश

पैसे भरून घ्यायच्या डिशच्या चार कंपन्या आहेत: टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही आणि सन डायरेक्ट. इथे सरकारी आकडे आणि तुमचं बिल सगळ्यात जवळ येतात. रिचार्जच्या ॲपमध्ये फी, वाहिनी, कर वेगळे दिसतात आणि नको ती वाहिनी रात्री अकराला बसून स्वतः काढता येते. गाव कुठल्या राज्यात याचं डिशला सोयरसुतक नाही, मराठी पॅक घ्या की कन्नड. फक्त बसवायला येणारा पोरगा पत्ता बघून कर्नाटकाचा पॅक टाकून जातो. आमच्याकडे टाकला होता. त्याच्या समोरच बदलून घ्यायचा.

डिशला आणखी एक जमेची बाजू आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये नव्या दरांवरून प्रसारक आणि काही मोठ्या केबल कंपन्यांचं बिनसलं, तेव्हा काही दिवस त्या केबलवरच्या स्टार, झी, सोनीच्या वाहिन्या बंद पडल्या. डिशवाल्यांच्या मालिका चालू होत्या.

पण पाऊस. बेळगाव शहरात जुलै कसाबसा निभतो. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडे जाड सर आली की उपग्रहाचा सिग्नल विरतो आणि पडद्यावर निळी पाटी. खानापूर गावात त्यामानाने बरं, पण भावाच्या छपरावर फणसाच्या फांद्या आलेल्यात. त्या आधी छाटायला लागतील.

ट्रायच्या तिमाही अहवालांतून एवढं दिसतं की डिशचे ग्राहक 2020 च्या सुमारास सात कोटींच्या आसपास होते, मार्च 2025 ला पावणेसहा कोटींच्या खाली आले. त्यावरून घाबरायचं कारण नाही. इतकंच, की कंपन्या सध्या गरजू आहेत. जुनं कनेक्शन बंद करतो म्हणून फोन केला की सवलत निघते.

फ्री डिश आणि मोबाइल

प्रसार भारतीची डीडी फ्री डिश डिसेंबर 2004 पासून आहे. डबा आणि छत्री एकदाच घ्यायची, महिन्याचं काही नाही. दूरदर्शनची मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही दिसतात, म्हणजे सरकारी खर्चाने मराठी-कन्नड शेजार. बाकीच्या खाजगी वाहिन्या लिलावातून येतात, त्यामुळे आज आहे ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही. झी मराठी, स्टार प्रवाह मिळत नाहीत, आणि मामीसाठी विषय तिथेच संपतो. गंमत अशी की सरकार खाजगी कंपन्यांकडून ग्राहकांचे आकडे मागतं, आणि स्वतःच्या फ्री डिशची घरं अंदाजानेच सांगतं. ग्राहकाची नोंदणीच नाही तर मोजणार काय.

मोबाइल किंवा फायबरवरच्या ॲपना ट्रायची ही दररचना लागूच नाही. झी मराठीला झी5, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीला जिओहॉटस्टार, म्हणजे दोन वर्गण्या, वर इंटरनेट. तरुण घराला परवडतं. मामीला रिमोटचा एक नंबर हवा असतो.

भावाला काय सांगितलं

बेळगाव शहरात असतास तर केबल घे म्हटलं असतं, लोकल चॅनेलसाठी आणि वायर तुटली तर तासाभरात येणाऱ्या माणसासाठी. जांबोटीच्या वरच्या अंगाला असतास तर फ्री डिश, आणि मामीला एक ॲप. खानापुरात दोन्ही बसतं. म्हणून एकच कसोटी दिली: ज्याच्याकडून महिन्याच्या आकड्याची फोड मिळेल त्याचं घे. फी किती, वाहिन्या किती, कर किती. वाहिन्यांचा आकडा जाहीर एमआरपीशी ताडून बघ, त्यात कुणाला लपवता येत नाही. 2024 च्या नियमांप्रमाणे टीव्हीवरच्या कार्यक्रमयादीतही वाहिनीची किंमत दिसायला हवी, रिमोटवर बघ. पॅक घेणार असशील तर सुट्याची बेरीज आधी कर. पॅकमध्ये सवलत 45 टक्क्यांपर्यंत देता येते, त्यामुळे तो स्वस्त दिसतो, पण आत न बघितल्या जाणाऱ्या वाहिन्याच जास्त. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत बसत नाही. आधी कंपनीचा टोल-फ्री नंबर, तिथे नाही जमलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

परवा त्याचा फोन आला. डिशवाल्याने ॲपवर फोड दाखवली. केबलवाल्याने डोकं खाजवलं, मग म्हणाला, "तुम्हीच एका कागदावर लिहून आणा की, मी सही करून देतो." भाऊ आता मामीला विचारून वाहिन्यांची यादी करतोय. पहिल्या तीन तिने तोंडपाठ सांगितल्या, नंबरासकट.