दुसरी रायफल की दुसरा स्कोप? शिकारीला निघण्यापूर्वी करायची निवड

लांबच्या शिकारीवर एकच रायफल न्यावी की जोडीला दुसरी राखीव ठेवावी, हे बहुतेक वेळा सामानात जागा किती उरते यावरून ठरते. ते तसे ठरू नये असे मला वाटते. रायफलीचा कोणता भाग बिघडण्याची शक्यता आहे, तो कुठे बिघडेल आणि त्यानंतर किती वेळात पुन्हा भरवशाचे हत्यार हाती येईल, या तीन गोष्टी पाहून निर्णय घ्यावा. तसा विचार केला की दुसरी रायफल वाटते त्यापेक्षा कमी प्रसंगी उपयोगी पडते, पण त्या थोड्या प्रसंगी तिला दुसरा पर्याय नसतो.

आधी बिघाडांकडे पाहू. चांगल्या अवस्थेतील बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (बोल्ट नावाचा सरकता दांडा हाताने मागे-पुढे करून दर वेळी काडतूस भरायची) हे साधे यंत्र आहे. फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) तुटते, एक्स्ट्रॅक्टरचा (झाडलेले काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याचा) तुकडा उडतो, पण क्वचितच. नेहमीचा त्रास स्कोप (नेम धरण्याची दुर्बीण), त्याचे माउंट (तो रायफलीवर बसवण्याची बैठक) आणि स्क्रू यांचा असतो. रायफल खडकावर आपटते, विमानतळावर पेटी फेकली जाते किंवा वाहनातल्या सततच्या हादऱ्यांनी स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू ढिले होतात, आणि झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी पडावी अशी केलेली स्कोपची जुळवणी, सरकतो. हे सरकणे मिनिट ऑफ अँगल या कोनाच्या मापात मोजतात; एक मिनिट ऑफ अँगल म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंमी. झिरो अशा पाच मिनिट ऑफ अँगलने सरकला असेल तर ३०० मीटरवर गोळी जवळपास ४४ सेंमी बाजूला जाते, आणि मध्यम आकाराच्या हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण २० ते २५ सेंमी रुंद असतो. या फरकातूनच पोटात किंवा पायात गोळी लागलेले, न सापडणारे जनावर निर्माण होते. ते टाळणे हा या सगळ्या विचाराचा मुख्य हेतू आहे. मोहीम फुकट जाऊ नये हा हेतू त्यानंतरचा.

उरलेले बिघाड किरकोळ तरी असतात किंवा निष्काळजीपणातून आलेले असतात. कडक थंडीत जास्तीचे तेल घट्ट होऊन फायरिंग पिन मंदावते, ओलाव्याने लाकडी दस्ता फुगून नळीला टेकतो, मॅगझिन वाटेत पडते, नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ भरतो. यांतील बहुतेक गोष्टींना दुसऱ्या रायफलीची गरज नसते. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की बर्फ आत जात नाही, आणि बर्फ गेलाच तर रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, जोडता येणाऱ्या सळईने नळी मोकळी करता येते.

म्हणून पहिली तुलना दोन रायफलींमधली नसून दुसरी रायफल आणि दुसरा स्कोप यांच्यातली आहे. झटपट काढता-बसवता येणाऱ्या रिंगमध्ये बसवलेला आणि त्याच रायफलीवर आधीच झिरो केलेला जादा स्कोप साधारण अर्धा ते पाऊण किलोचा असतो. त्याच्याबरोबर योग्य मापाचा पेचकस, जादा मॅगझिन आणि शक्य असल्यास फायरिंग पिनचा पूर्ण जोड घेतला, तरी सगळे मिळून पाठपिशवीच्या एका कप्प्यात मावते. सर्वांत जास्त होणाऱ्या बिघाडावरचा उपाय शिकारीच्या जागी, अंगावरच असतो, हा याचा खरा फायदा. चिरलेला दस्ता, फुगलेली नळी किंवा हरवलेली पेटी यांवर मात्र हा उपाय नाही. शिवाय स्कोप बदलल्यावर दोन-तीन गोळ्या झाडून खात्री करावी लागते आणि त्या आवाजाने परिसरातील जनावरे सावध होतात. तरीही खात्री न करता नेम धरण्यापेक्षा अर्धा दिवस गेलेला बरा.

दुसरी रायफल हा उपाय पूर्ण आहे, पण तिच्याबद्दलचे काही समज तपासून घ्यावे लागतात. विमानात सामान हरवले तर राखीव रायफल कामी येईल असे म्हटले जाते; प्रत्यक्षात दोन्ही रायफली बहुधा एकाच कुलूपबंद पेटीत असतात, त्यामुळे पेटी हरवली की दोन्ही जातात आणि पेटी आपटली की दोन्ही स्कोपना धक्का बसतो. वजनही थोडेथोडके नसते. स्कोप आणि पट्ट्यासह एक शिकारी रायफल साडेतीन ते चार किलोची धरली आणि दोन रायफलींची कठीण पेटी त्यात मिळवली, तर विमानात चालणाऱ्या २३ किलोच्या नगातला मोठा हिस्सा तिथेच संपतो. काडतुसांची मर्यादा रायफलींच्या संख्येनुसार वाढत नाही: आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या नियमांनुसार ती प्रवाशामागे वेष्टनासह ५ किलो असते आणि विमान कंपनी ती आणखी कमी करू शकते. शिकारीसाठी एवढी काडतुसे पुरतात. दोन कॅलिबर (नळीचे आणि काडतुसाचे माप) नेले की मात्र ती वाटली जातात.

सर्वांत मोठा प्रश्न अंतराचा आहे. राखीव रायफल खांद्यावर नसते, ती छावणीत असते. छावणीपासून चार तासांच्या चढणीवर मुख्य रायफल बिघडली, तर तो दिवस गेलाच. त्याखेरीज छावणीतील रायफल कुलपाखाली ठेवण्याची आणि ती चुकीच्या हाती न जाऊ देण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाची असते, आणि तंबूत हे नीट करणे अवघड असते. वाहनात शिकारीच्या जागेजवळ बंदिस्त ठेवता येत असेल, तर हाच हिशेब बराच बदलतो.

दुसरी रायफल न्यायचीच असेल तर कॅलिबर कोणते, यावर मतभेद आहेत. माझा कल एकाच कॅलिबरकडे, शक्यतो एकाच घडणीच्या रायफलीकडे आहे. काडतुसे दोन्हींत चालतात, सेफ्टीचा खटका त्याच जागी आणि त्याच दिशेने फिरतो, ट्रिगरचा दाब ओळखीचा असतो. अर्थात काडतूस तेच असले तरी दोन नळ्या गोळी एकाच जागी टाकत नाहीत, म्हणून प्रत्येकीचे झिरो स्वतंत्रपणे करून लिहून ठेवावे लागते. वेगवेगळ्या कॅलिबरमध्ये काडतुसांची सरमिसळ हा धोका आहे, आणि तो काल्पनिक नाही: .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये (काडतूस बसण्याच्या जागेत) बसू शकते आणि झाडल्यास रायफल फुटू शकते.

दोन कॅलिबर योग्य ठरतात ते मोहिमेत दोन वेगळ्या आकारांची जनावरे असताना. आफ्रिकेत रानरेडा आणि माळावरची हरणे अशा दोन्हींचा परवाना असेल, तर रेड्यासाठी .३७५ एच अँड एच मॅग्नम आणि हरणांसाठी .३०-०६ स्प्रिंगफील्ड ही जोडी समजण्यासारखी आहे. पण तेव्हा दुसरी रायफल खऱ्या अर्थाने राखीव राहत नाही. .३०-०६ बिघडली तर .३७५ ने हरणाची शिकार करता येते. उलट करता येत नाही, कारण धोकादायक जनावरांसाठी अनेक आफ्रिकी देशांनी .३७५ ही किमान मर्यादा ठरवलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत तर परदेशी शिकाऱ्याला साधारणपणे एका कॅलिबरची एकच रायफल तात्पुरती आणता येते आणि प्रत्येकीमागे २०० काडतुसांची मर्यादा असते, त्यामुळे एकाच कॅलिबरच्या जोडीचा माझा सल्ला तिथे चालत नाही. ज्या देशात जायचे तिथला नियम आधी वाचावा आणि मगच रायफलीची निवड करावी.

ब्लेझर आर ८ सारख्या, नळी बदलता येणाऱ्या रायफलीचा पर्यायही आहे. प्रत्येक नळीवर तिचा स्कोप झिरो करून ठेवला की नळी आणि स्कोप या दोन्हींचे बिघाड आटोक्यात येतात. दस्ता आणि ट्रिगर मात्र एकच राहतात. अशी रायफल आधीपासून असेल तर हा उत्तम मार्ग आहे, पण केवळ राखीव सोय म्हणून ती विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

मार्गदर्शकाची रायफल उसनी घेणे हा सर्वांत हलका पर्याय. तो निवडणाऱ्याने निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे की ती कोणत्या कॅलिबरची आहे, शेवटचे झिरो कधी केले आणि ती दुसऱ्याला वापरायला देणे तिथे कायदेशीर आहे का. डावखुऱ्या किंवा कमी उंचीच्या शिकाऱ्याला उसनी रायफल बहुधा सोईची पडत नाही, म्हणून त्याने या पर्यायावर फार विसंबू नये.

आता निवड. घरून सकाळी निघून संध्याकाळी परतायचे असेल तर दुसरी रायफल नको. डोंगरात पाठीवर सामान घेऊन पायी फिरायचे असेल तरीही नको. तिथे जादा स्कोप न्यावा. वाहनातून अनेक दिवसांची मोहीम असेल आणि कुलूपबंद जागा असेल तर दुसरी रायफल न्यावी. छोट्या विमानाने दुर्गम ठिकाणी उतरून आठ-दहा दिवस राहायचे असेल, तर दोघा सोबत्यांमध्ये मिळून एक राखीव रायफल ही मला सर्वांत शहाणपणाची व्यवस्था वाटते, फक्त ती दोघांनीही आधी चालवलेली असावी आणि परवान्याची कागदपत्रे त्यानुसार असावीत. धोकादायक जनावराच्या शिकारीत, जिथे बिघाड जिवावर बेतू शकतो, तिथे वजनाचा विचार मागे ठेवून दोन रायफली न्याव्यात.

यांपैकी कोणत्याही प्रसंगी राखीव रायफलीची एक परीक्षा निघण्याच्या काही आठवडे आधी घ्यावी. मोहिमेत वापरायचीच काडतुसे घेऊन, नळी पूर्ण थंड असताना, शिकारीत ज्या स्थितीतून नेम धरावा लागेल त्याच स्थितीतून पहिली गोळी झाडावी, आणि हे निरनिराळ्या दिवशी करावे. ती पहिली गोळी दर वेळी मर्मभागाएवढ्या वर्तुळात पडत नसेल, तर त्या रायफलीऐवजी जादा स्कोप पेटीत ठेवावा.